टेंभुर्णे साहेबांनी पेटी मोजली

मुरमटोल्याच्या महिला मंडळाची पेटी बिघडलेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या पंधरा दिवसांत गावात जो गोंधळ झाला त्यात ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानातच राहिली नाही. चौदा वर्षं ती पेटी विहारात होती. दर पौर्णिमेला निघायची, सुशीलाबाई ती वाजवायच्या, कुसुमबाई टेंभुर्णे पुढे बसून गायच्या आणि बाकीच्या अकरा जणी मागून साथ द्यायच्या. कोणाची काही तक्रार नव्हती.

रिकामे झाले होते ते कुसुमबाईंचे यजमान, शालिकराम टेंभुर्णे साहेब. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवा निरीक्षक. पाणी मोजलं, गाळ मोजला, कालव्याच्या पाळीवरची झाडं मोजली. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, आणि मोजल्याशिवाय साहेबांना अन्न गोड लागत नाही. घरापासून विहारापर्यंत चारशे बारा पावलं. गॅसचं सिलिंडर एक्केचाळीस दिवस. भाजीत मीठ टाकताना कुसुमबाई चिमटीत किती घेतात हेही ते एकदा मोजणार होते, पण त्या दिवशी कुसुमबाईंच्या हातात लाटणं होतं.

शेजारी लीलाधरची पिठाची चक्की. तिच्या आवाजाविरुद्ध तक्रार करायची म्हणून साहेबांनी मोबाइलमध्ये आवाज मोजायचं एक अॅप घेतलं. लीलाधर दिलाचा मोकळा माणूस. "मोजा जी साहेब, बिनधास्त मोजा," म्हणून त्यानं मुद्दाम चक्की चालू करून दिली, वर चहा पाजला. आवाज नियमात बसला. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. तसाच हातात मोबाइल धरून ते विहाराकडे निघाले, तर आत तालीम चालू होती.

त्या अॅपमध्ये आणखी एक आकडा दिसायचा, हर्ट्झचा. म्हणजे एखादा सूर सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा. साहेबांनी तिथंच दारात उभं राहून मोबाइलवर थोडं वाचलं, चष्मा पुसला आणि सुशीलाबाईंना मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबायला सांगितली. सुशीलाबाई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना असं कोणी मधेच थांबवत नाही. पण साहेब म्हणून त्यांनी दाबली.

"चारशे एकतीस," साहेब म्हणाले. "ही पेटी चुकीची आहे."

"काऊन जी? काय झालं तिले?"

"हा सूर जगभर चारशे चाळीस असतो. तुमची पेटी नऊनं मागं आहे."

"मंग जगाले सांगा, नऊ मागं सरक," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि अकराच्या अकरा बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

इथं सगळं संपायला हवं होतं. पण चौतीस वर्षांत साहेबांच्या मापाला कोणी हसलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, एकानं कुदळ उगारली होती, पण हसलं नव्हतं. ते ताठ झाले आणि त्यांनी कुसुमबाईंच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पंधरा दिवसांनी तालुक्याला गीतगायनाची स्पर्धा होती. मंडळ पहिल्यांदाच जाणार होतं, आणि गाण्यातलं मधलं कडवं कुसुमबाई एकट्या म्हणणार होत्या. महिनाभर त्या तेच कडवं घोळवत होत्या, भाजी चिरताना, तांदूळ पाखडताना, कोंबड्यांना हाकलताना. पांढरी साडी इस्त्री करून ट्रंकेत ठेवली होती. एवढ्या वयात बाईनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट.

"परीक्षक गोंदियाचे आहेत," साहेब म्हणाले. "त्यांचे कान तयार असतात. चुकीच्या पेटीवर तुझं कडवं चुकीचंच लागेल."

कुसुमबाईंचा चेहरा उतरला. आतापर्यंत त्यांना फक्त माइकची भीती वाटत होती.

"मी स्पर्धेआधी ठीक करून देतो," साहेब म्हणाले. "माझा शब्द."

आता कोणीही शहाणा माणूस पेटी घरी नेऊन चार स्क्रू काढून बसला असता. पण ज्या माणसानं वरून पत्र आल्याशिवाय कधी कालव्याचं दार बोटभर उचललं नाही, तो दुसऱ्याच्या पेटीचे स्क्रू काढेल? पेटी होती ग्रामपंचायतीची. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होती, तिच्या बुडाला पांढऱ्या रंगात नंबर होता. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ग्रामसेवक दुर्गेशकडे गेले.

दुर्गेश तरुण पोरगा, पण कागदाच्या बाबतीत साहेबांच्या तोडीचा. "साहेब, तुम्ही खात्यातले. तुम्हाला मी काय सांगू? पेटी नादुरुस्त असल्याचा दाखला पाहिजे."

"कोणाचा?"

"संबंधित तांत्रिक अधिकाऱ्याचा."

"पेटीचा तांत्रिक अधिकारी कोण?"

दुर्गेशनं परिपत्रक काढलं, मागून पुढून पाहिलं. "इथं फक्त 'संबंधित' लिहिलं आहे."

दोघांनी मिळून परिपत्रक पुन्हा एकदा वाचलं. अशा वेळी दोन सरकारी माणसांमध्ये जी माया निर्माण होते ती बाहेरच्यांना समजणार नाही. शेवटी ठरलं की गुरुवारी जो कोणी तांत्रिक अधिकारी गावात येईल त्याचा दाखला चालेल, फक्त शिक्का गोल पाहिजे. गुरुवारी शेळ्यांना लस टोचायला पशुधन पर्यवेक्षक आले.

ते आधी नाही म्हणाले. "माझा विषय गुरंढोरं, साहेब."

"भाता आहे तिला. श्वास घेते, सोडते," साहेब म्हणाले. "तेवढंच तपासा."

मागे बेचाळीस शेळ्या ओरडत होत्या. त्या बिचाऱ्यानं सुटका व्हावी म्हणून स्टेथोस्कोप काढला, भात्याला लावला, सुशीलाबाईंना भाता हलवायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकलं. मग लिहून दिलं: 'सदर पेटी तपासली. श्वसन नियमित. आवाजात किंचित घरघर. कोरड्या जागी बांधावे.' खाली गोल शिक्का. दुर्गेशनं दाखला फाइलला लावला आणि पेटी साहेबांच्या ताब्यात दिली. यात पाच दिवस गेले.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी ओसरीवर चादर अंथरली आणि पेटी उघडली. आत पितळेची पाती, ओळीनं. प्रत्येक पट्टीखाली एक पातं, हवा गेली की ते थरथरतं. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. मोबाइलवर एवढं वाचून साहेबांनी कानस घेतली. पण आधी हिशोब. चारशे चाळीसची पांढरी सहा, तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी सहा बरोबर दुप्पट, आठशे ऐंशी. दोन्हींच्या मध्ये बारा पायऱ्या, आणि मोबाइल म्हणत होता की बाराही पायऱ्या समान ठेवायच्या, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून गाणं सुरू करता येतं.

समान! साहेबांना गहिवरून आलं. बारा जणांत समान वाटणी, हे तर ते आयुष्यभर करत आले होते. चारशे चाळीस भागिले बारा, छत्तीस पूर्णांक सदुसष्ट. प्रत्येक पट्टीला तेवढे हर्ट्झ वाढवत जायचं. त्यांनी तक्ता आखला, सही केली, तारीख टाकली आणि घासायला बसले.

ओसरीवर माणूस काही घासत बसला की गाव सल्ला द्यायला येतंच. एकानं सांगितलं, पेटी तीन दिवस धानाच्या कणगीत पुरून ठेवा, ओल शोषून घेईल. त्याच्या मोबाइलला त्यानंच गुण आला होता. एक म्हातारी म्हणाली, मोहाच्या बियांचं तेल चोळा, गुडघ्याला चालतं. लीलाधर चक्की बंद करून रोज तासभर येऊन बसायचा आणि दर पात्याला विचारायचा, "हे कायले घासून रायले जी?" चौथ्यांदा विचारल्यावर साहेबांनी त्याला कंपनसंख्या समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "हं. पन कायले?"

अॅपही काही सोपं नव्हतं. ते पेटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी आवडीनं ऐकायचं. कुकरची शिट्टी झाली, साहेबांनी पातं अर्धं घासलं. लीलाधरनं नाक शिंकरलं, एक पातं वाया जाता जाता वाचलं. कुसुमबाईंना दोन दिवस फोडणी द्यायची मनाई होती, घरात सकाळ-संध्याकाळ उकडलेलं खाणं चाललं होतं.

रविवारी दुपारपर्यंत एक सप्तक पूर्ण झालं. साहेबांनी लीलाधरला ऐकवलं. तो चक्कीवाला, रोज दहा तास घरघराटात काढणारा माणूस. पण तो उठून उभा राहिला.

"साहेब, राग नोका येऊ देऊ. पन हे पोट दुखल्यावानी वाजून रायलं."

साहेबांनी नागपूरला मुलीला फोन लावला. रचना तिथं शाळेत गणित शिकवते. तिनं त्यांना सगळा तक्ता वाचून दाखवायला लावला.

"बाबा, समान म्हणजे बेरजेनं समान नाही. पटीनं समान. चारशे चाळीसमध्ये छत्तीस मिळवले तर मोठी उडी होते. आठशे त्रेचाळीसमध्ये छत्तीस मिळवले तर लहानशी. कानाला पट समजते, बेरीज समजत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही हेडच्या शेताला भरपूर दिलं आणि टेलच्याला तोंड पुसलं."

हे पोरीनं बोलायला नको होतं. कालव्याच्या सुरुवातीची शेतं ती हेडची, शेवटची ती टेलची, आणि टेलचे शेतकरी चौतीस वर्षं साहेबांना हेच एक वाक्य ऐकवत आले होते. ऑफिसच्या पायरीवर बसून ऐकवलं होतं, लग्नाच्या पंगतीत ऐकवलं होतं. आता पोटची पोरगी ऐकवत होती, तेही एका पेटीवरून. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

रचनानं समजावलं ते मात्र त्यांना पटलं. एक असा आकडा शोधायचा की जो बारा वेळा स्वतःशीच गुणला की बरोबर दोन येतात. दर वेळी मागच्या पट्टीला त्या आकड्यानं गुणून पुढे जायचं. आकडा होता एक पूर्णांक शून्य पाच नऊ चार सहा तीन आणि पुढे आणखी बरंच शेपूट. खात्यात मापं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. साहेबांनी नियमानं शेपूट छाटलं: एक पूर्णांक शून्य सहा.

सोमवारी नवा तक्ता तयार झाला. शेवटच्या पट्टीला आले आठशे पंच्याऐंशी. साहेबांनी तीनदा तपासलं. प्रत्येक पायरीवर किंचित जास्त, ते साचत साचत शेवटी पाच हर्ट्झ शिल्लक! त्यांनी आनंदानं पुन्हा नागपूरला फोन केला.

"रचना, या वेळी टेलला पाच जादा गेले!"

"बाबा, दुप्पटच यायला पाहिजे. ते पाच चुकीचे आहेत."

"असू दे. टेलवाल्यांना कधी मिळतं?"

"बाबा, हे पाणी नाही," रचना रडकुंडीला येऊन म्हणाली. "पूर्ण आकडा घ्या. दहा स्थळं घ्या. तुम्हाला माझी शपथ आहे."

साहेबांनी दहा स्थळं घेतली, पण मनातून त्यांना ते गैरशिस्त वाटत होतं. मंगळवारी उतरवायचं काम सुरू झालं. आधी टोकं घासून चढवलेले सूर आता बुडं घासून खाली आणायचे. पाती कागदासारखी झाली होती. पांढऱ्या दोनचं पातं कानसेखाली कट् करून तुटलं आणि उडून लीलाधरच्या चहात पडलं. लीलाधरनं ते बोटानं काढलं, चाटलं आणि म्हणाला, "पितळ हाये."

बुधवारी साहेब कोहमाऱ्याहून बस धरून गोंदियाला गेले. तिथं एका अरुंद गल्लीत छोटेलाल नावाचा म्हातारा पेट्या दुरुस्त करतो. साहेबांनी रुमालाची घडी उलगडून तुटलेलं पातं त्याच्यासमोर ठेवलं. छोटेलालनं ते उजेडात धरलं.

"ये किसने किया?"

"ओळखीचा आहे एक," साहेब म्हणाले.

"साहब, ये रीड है, दातून नहीं है। उसको बोलो, जिंदगी में दोबारा हाथ मत लगाना।"

"बोलतो," साहेब म्हणाले. सरकारी नोकरीत एवढा अपमान त्यांनी कार्यकारी अभियंत्याकडूनही गिळला नव्हता. छोटेलालनं सांगितलं की पेटी आणून दिली तर तो ती कानानंच लावून देईल, पण लग्नसराईमुळे वीस दिवस लागतील. साहेबांकडे चार दिवस होते. ते नुसतं पातं घेऊन परत आले.

गुरुवारी मात्र साहेबांनी कमाल केली. चक्की बंद, कुकर बंद, कोंबड्या लीलाधरच्या अंगणात, दाराला आतून कडी. दहा स्थळांचा तक्ता समोर. दिवसभर एक-एक पातं, केसभर घासायचं, वाजवायचं, मोजायचं. संध्याकाळी चार वाजता पेटीतली प्रत्येक पट्टी तक्त्यावरच्या आकड्याला चिकटली होती. चारशे चाळीस म्हणजे चारशे चाळीस, आठशे ऐंशी म्हणजे आठशे ऐंशी. लीलाधरनं ऐकलं आणि म्हणाला, आता पोट दुखत नाही. साहेबांनी अंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि शुक्रवारी पेटी स्वतःच्या हातानं विहारात नेली.

सुशीलाबाईंनी भाता मारला, सूर धरला. कुसुमबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. मागच्या अकरा जणींनी उचलायचा प्रयत्न केला. प्रत्येक जण वेगळ्या दिशेला गेली.

"हे कोनाची पेटी हाये?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तीच आहे. फक्त बरोबर केली."

"बरोबर हाये तं गळ्यात काऊन नाई बसत?"

साहेबांच्या लक्षात हळूहळू आलं. चौदा वर्षं त्या बाया त्या वाकड्या पेटीवर गात होत्या. कुठली पट्टी किती खाली लागते, कुठं आवाज किती ओढून घ्यायचा, हे त्यांच्या गळ्यात मुरून गेलं होतं. त्यांचा गळा पेटीला मिळालेला होता, आणि साहेबांनी पेटी बदलली होती. बारा जणींचे गळे दोन दिवसांत कानसेनं घासता येत नाहीत.

"आमची जुनी पेटी वापस करा," सुशीलाबाई म्हणाल्या. "जशी होती तशी."

साहेब म्हणाले, एवढंच ना, जुने आकडे पाहतो, आणि वही उघडली. वहीत तीन तक्ते होते, तिन्ही नव्या मापांचे. जुन्या पेटीचा एकच आकडा होता, चारशे एकतीस. बाकी काही मोजलेलंच नव्हतं. काम सुरू करण्याआधी जागेची मूळ लेव्हल लिहून ठेवायची, हा खात्यातला पहिला धडा. यासाठी साहेबांनी स्वतः दोन मजूर मुकादमांना नोटिसा दिल्या होत्या. त्यांनी वहीची पानं मागून पुढून चाळली आणि वही मिटली.

कुसुमबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घरी गेल्या, ट्रंक उघडली, वर ठेवलेली पांढरी साडी खाली ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. पाण्यासाठी चौतीस वर्षं लोकांची तोंडं उतरलेली त्यांनी पाहिली होती, पण त्यातलं एकही घरात नव्हतं.

शनिवारी सकाळी ते मोबाइल घेऊन कुसुमबाईंपुढे उभे राहिले. "कुसुम, जुने आकडे वहीत नाहीत. पण तुझ्या गळ्यात असतील."

"असन," कुसुमबाई वर न बघता म्हणाल्या.

"एक-एक सूर म्हण. मी लिहून घेतो."

"तुमी मले मोजणार?"

"हो."

कुसुमबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुसले, मागच्या अंगणात पेरूखाली बाजेवर बसल्या आणि पहिला सूर लावला. साहेबांनी आकडा लिहिला. दुसरा लावला, लिहिला. सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक माप पुन्हा घेतलं. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा तोच. दहा वेळा म्हणायला लावलं. दहाही वेळा अर्ध्या हर्ट्झचा फरक नाही. चौतीस वर्षांत खात्यानं दिलेल्या एकाही मोजपट्टीनं असं वागून दाखवलं नव्हतं.

"इथं," साहेब मधेच म्हणाले, "तुझ्याच सा पासून धरलं तरी तुझा गंधार तक्त्यापेक्षा दोन हर्ट्झ खाली आहे. दहाही वेळा."

"तिथंच तं तो गोड लागते."

"पण तक्त्यात—"

"तक्ता गाणार हाये का उद्या?"

साहेबांनी तोंड उघडलं. तीस वर्षांच्या संसारात इथून पुढे तासभर भाषण व्हायचं. त्यांनी तोंड मिटलं आणि दोन हर्ट्झ खालचा आकडा लिहून घेतला. मग नुसतं लिहून भागेना. हा सूर कडव्यात कुठं येतो ते बघितलं पाहिजे, म्हणून त्यांनी पूर्ण कडवं म्हणायला लावलं. ते संपल्यावर त्यांनी पेन उचललं नाही. "पुन्हा म्हण," ते म्हणाले. "माप चुकलं."

माप चुकलं नव्हतं. पण लग्नाला तीस वर्षं होऊनही या माणसानं बायकोचं गाणं सलग कधी ऐकलं नव्हतं, हे आता स्वतःला तरी कसं सांगायचं? कुसुमबाईंनी पुन्हा म्हटलं. कुंपणापलीकडे चक्की कधी बंद झाली ते कोणाला कळलं नाही.

दुपारभर साहेबांनी पाती घासली. दहा स्थळांचा तक्ता बाजूला ठेवून, बायकोच्या आकड्यांना. एक पातं अगदीच पातळ झालं होतं, ते लाखेचा ठिपका लावून जड केलं. संध्याकाळी सुशीलाबाईंनी पेटी वाजवून पाहिली, दोन पट्ट्यांवर नाक मुरडलं, तेवढं पुन्हा घासायला लावलं आणि म्हणाल्या, "आता आमची हाये. आता तुमी हात धुवा."

रविवारी तालुक्याच्या सभागृहात नऊ मंडळं होती. साहेब, लीलाधर आणि दुर्गेश मागच्या रांगेत बसले. मुरमटोल्याचं नाव पुकारलं गेलं, तेरा पांढऱ्या साड्या मंचावर गेल्या. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं, ते बरं झालं. मग बाकीच्या थांबल्या आणि कुसुमबाई एकट्या उरल्या. माइक एकदा चिरकला. कुसुमबाईंनी त्याला थोडं दूर सारलं, जसं ताटातल्या माशीला सारतात, आणि गायला लागल्या. सभागृहात चिवडा खाणाऱ्यांचे हात थांबले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. ती दुसऱ्या गावाची होती.

दुसरा नंबर आला, ट्रॉफी मिळाली. जिल्ह्याला जायचं पक्कं झालं. परीक्षकांनी प्रत्येक मंडळाला शेऱ्याचा कागद दिला. मुरमटोल्याच्या कागदावर लिहिलं होतं: 'एकल गायन अप्रतिम. पेटी बेसूर, ताबडतोब दुरुस्त करून घ्यावी.' सुशीलाबाईंनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, चार घड्या केल्या आणि तिथंच पायरीवर उभ्या उभ्या मंडळाची तातडीची सभा घेऊन ठराव केला की यापुढे पेटीला कोणीही सरकारी माणूस हात लावणार नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. दुर्गेशनं तो लिहून घेतला.

परतीच्या जीपमध्ये पेटी साहेबांच्या मांडीवर होती, कारण दुसरीकडे जागा नव्हती. कुसुमबाई शेजारी बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "सांगा बरं आता. माहा गंधार किती भरला?"

साहेबांनी खिशावर हात ठेवला. मोबाइल सकाळपासून बंदच होता.

"मोजला नाही," ते म्हणाले. "ऐकत होतो."

कुसुमबाई दचकल्या. त्यांनी हातातली ट्रॉफी लीलाधरकडे दिली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.